कल्पना सर्वांची, कादंबरी एकाची

वैनगंगेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत पहिली कादंबरी लिहावयास बसणाऱ्या माणसापुढे, मग तो आश्रमशाळेतील शिक्षक असो, वनखात्यातील कर्मचारी असो किंवा ब्रह्मपुरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी असो, पहिले वाक्य उतरण्यापूर्वीच एक शंका येऊन उभी राहते. ती अशी की, आपण जे लिहू म्हणतो ते कोणी आधीच लिहून ठेवले तर नाही? शंका निराधार नाही. माडिया आदिवासी तरुण बंदुकीच्या वाटेला कसा लागतो, हे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात दीर्घकाळ काम केलेल्या विलास मनोहर यांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीत सांगितले आहे. चंद्रपूरच्या सुरेश द्वादशीवार यांची ‘हाकुमी’ त्याच मुलखातली. ताडोब्याचा वाघ, जंगलाचा ठेकेदार, दुर्गम गावी बदली होऊन आलेला डॉक्टर हे विषयही वाचकाच्या इतके परिचयाचे झाले आहेत, की नवख्या लेखकाला आपली कल्पना उष्टी वाटू लागते आणि टिपणांची वही पेटीत जाते.

वही पेटीत ठेवण्यापूर्वी मराठी कादंबरीच्या आरंभाकडे एकवार पाहणे हितावह ठरेल. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाले; हिंदू विधवांची दुःस्थिती हा त्याचा विषय आणि यमुना ही त्याची नायिका. पुढे तीन दशके लोटल्यावर, 1890 पासून, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. विषय पुन्हा स्त्रीचे वैधव्य व केशवपन, आणि योगायोग असा की नायिकेचे नावही यमूच. केवळ कल्पनेच्या नावीन्यावर निकाल द्यावयाचा असता, तर एखाद्या काटेकोर परीक्षकाने हे बाड ‘पूर्वीच लिहिले गेले आहे’ असा शेरा मारून साभार परत केले असते. परंतु पदमनजींची यमुना पतीबरोबर प्रवास करीत विधवांची दुःखे पाहते आणि त्या दर्शनातून लेखकाच्या धर्ममताचे प्रतिपादन होते. हरिभाऊंची यमू मात्र आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते, बालपणीच्या खेळांपासून सासरच्या माजघरापर्यंत. ज्या विषयावर बोलले जात होते तो विषयच जेव्हा बोलू लागला, तेव्हा जुनी कल्पना मराठीत प्रथमच लिहिली गेल्यासारखी झाली. याच हरिभाऊंची 1885 सालची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबरीच्या आधाराने उभी राहिली होती, हेही येथे लक्षात घ्यावे. मराठी कादंबरीला ज्याने प्रौढत्व दिले, त्याचे पहिले पाऊल उसन्या वाटेवरचे होते. तेथून स्वतःच्या वाटेवर येण्यास त्याला पाच वर्षे पुरली.

कल्पनेच्या मालकीचा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही आलेला आहे. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले होते. 1956 साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट निघाला, तेव्हा आपल्या नाटकाची ही नक्कल आहे अशी त्यांनी फिर्याद केली. प्रांताभिमान हा दोहोंचाही विषय. तथापि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने फैसला दिला तो चित्रपटाच्या बाजूने. कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो; हक्क असतो तो त्या कल्पनेला लेखकाने दिलेल्या विशिष्ट रूपावर, मांडणीवर, अभिव्यक्तीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कलच होय असा निःसंदिग्ध ठसा उमटत असेल तरच हक्कभंग, ही कसोटी न्यायालयाने मानली. जुन्या चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली मुलखाच्या मालगुजारीत ज्यांच्या वाडवडिलांचे आयुष्य गेले, त्यांना हा भेद निस्ताराच्या भाषेत चटकन उमगेल: गावच्या जंगलातून सरपण, कुंपणाचे काटे आणि नांगराचे लाकूड आणण्याचा हक्क रयतेतील सर्वांचा, पण त्या लाकडाचे ज्याने घर बांधले ते घर मात्र त्याचे. कादंबरीच्या कल्पना या निस्तारात मोडतात.

याची साक्ष याच मुलखातील झाडीपट्टीची रंगभूमी दर हंगामात देते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरू लागली, शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोड्या धावू लागल्या, की देसाईगंज म्हणजे वडसा येथील नाट्यमंडळ्यांना उसंत राहत नाही. रात्री वर गेलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. भावाभावांची फारकत, दारूने बुडालेला संसार, बहिणीचा त्याग, जमिनीवरून पेटलेले वैर, ही कथाबीजे या प्रेक्षकाने शेकडो वेळा पाहिलेली असतात. तरीही तो थंडीत घोंगडी पांघरून बसतो, कारण कथेचा शेवट काय होणार यापेक्षा ती माणसे तिथवर कशी पोहोचतात याचे त्याला कुतूहल असते. 2023 साली ज्यांना पद्मश्री मिळाली त्या परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाने या जाणत्या प्रेक्षकापुढे हयात घालवली. या प्रेक्षकाला रंगवणे सोपे नाही. जुने कथानक तो खपवून घेतो, पण पात्राच्या तोंडी उसने बोलणे आले की त्याच्या ते तत्काळ ध्यानात येते.

मग आपली कल्पना पुरेशी स्वतंत्र आहे की नाही, हे ताडावे कसे? एक कसोटी अशी की, कथानक मनातल्या मनात दुसऱ्या मुलखात नेऊन पाहावे. भामरागडऐवजी कोकण, माडियाऐवजी कातकरी, तेंदूऐवजी काजू, एवढी नावे बदलून कथा जशीच्या तशी चालू लागली, तर ती अद्याप कोणाचीच झालेली नाही असे समजावे. परक्या गावी रुजू झालेला तरुण शिक्षक ही कल्पना काही व्यंकटेश माडगूळकरांनी शोधून काढली नव्हती. परंतु 1955 च्या ‘बनगरवाडी’तून माणदेशाचा दुष्काळ, मेंढरे आणि धनगरांची मिताक्षरी बोली काढून घेतली, तर उरणारा शिक्षक कोणत्याही दप्तरात सापडेल असा होतो. तिथले अनुभव त्या मातीतून उपटता येत नाहीत, ही त्या कादंबरीची स्वतंत्रता.

दुसरी कसोटी काळाची, आणि या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची आहे. लबाड ठेकेदार आणि नाडलेला आदिवासी हे कथासूत्र एकेकाळी वास्तवाचे नेमके वर्णन होते आणि त्याची सत्यता आजही सर्वस्वी संपलेली नाही. परंतु धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले, 2011 साली वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला आणि ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतःकडे घेतला. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात चालणाऱ्या त्या हंगामावर आज कोणी कादंबरी लिहू म्हणेल, तर त्याला तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, जुना खलनायक बसवून भागणार नाही. बोली मान्य करणारे गावच असेल, हिशेबाची वही गावातल्याच शिकलेल्या पोराकडे असेल, तर पुडके मोजताना मामाच्या आणि शेजाऱ्याच्या पुडक्यांत तो फरक करील काय, रकमेचा हिशेब विचारणाऱ्या बाईला सभेत कोण अडवील, हे प्रश्न उभे राहतात. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या हिशेबनिसाच्या तोंडून ही कथा सांगितली गेली, तर तिला पूर्वसुरींच्या सावलीचे भय उरणार नाही. जुन्या साच्याचा खरा दोष पुनरुक्ती हा नसून, बदललेल्या वस्तुस्थितीकडे तो डोळेझाक करावयास लावतो हा आहे. लेखकाने आपल्या गावाची आजची स्थिती बारकाईने टिपली, तर नावीन्य बहुधा मागून चालत येते.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. विषय सर्वांचा असला तरी दुसऱ्याच्या कादंबरीतील प्रसंगांचा क्रम, पात्रांचे परस्परसंबंध, संवादांची वळणे उचलून नावे बदलणे ही चोरीच होय. जिथे आधार घेतला असेल तिथे तो प्रस्तावनेत सांगून टाकणे हा उत्तम शिरस्ता. जिवंत माणसाचे दुःख ओळखू येईल अशा रूपात कथेत आणताना त्याची संमती आहे किंवा काय, आणि गोटुल या युवागृहातील गाणी अथवा पेन म्हणजे गोंडी देवतांच्या कथा ज्या समाजाच्या आहेत त्याला हा वापर कसा वाटेल, हेही विचारावे. स्वामित्वहक्काचा कायदा येथे फारसे बोलत नाही, म्हणून लेखकाची जबाबदारी अधिक.

राहता राहिले वाचन. आधीच्या कादंबऱ्या वाचल्याने आपली कल्पना डागाळेल अशी भीती बाळगून त्या टाळण्यात मौज नाही. मनोहर, द्वादशीवार यांची पुस्तके जिल्हा ग्रंथालयातून आणून, हाती पेन्सिल घेऊन वाचावीत आणि त्यांनी कोठे थांबणे पसंत केले, कोणत्या पात्राला बोलू दिले नाही, कोणता ऋतू त्यांच्या कथेत आलाच नाही, याची नोंद करावी. पुष्कळदा आपली कादंबरी त्या मोकळ्या जागेतच असते. आणि मग निकाल न देता पन्नास पाने लिहावीत, कारण चार ओळींच्या सारांशावरून ‘पण लक्षात कोण घेतो’लाही कोणी स्वतंत्र म्हटले नसते. त्या पन्नास पानांत पूर्वी कोणत्याही पुस्तकात न वाचलेली, केवळ स्वतः पाहिल्या-ऐकल्यामुळे ठाऊक असलेली अशी एकही गोष्ट आली नाही, तर मात्र ती कल्पना निःसंकोच सोडून द्यावी.