गृहपाठाचा खर्च कोणाच्या खाती?

प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये प्राथमिक वर्गांना परिसरनिरीक्षणाखेरीज गृहपाठच नको, असे सुचविले. २०२० च्या केंद्रीय दप्तर-धोरणाने दुसरीपर्यंत तो वर्ज्य ठरविला आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला कमाल २ तासांची मर्यादा घातली. तासांची ही मोजणी आवश्यकच; पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

गृहपाठ म्हणजे शाळेने आपल्या कामाचा काही भाग कुटुंबाकडे सोपविणे होय. त्यासाठी लागणारा शांत कोपरा, मोकळा वेळ आणि अडलेले गणित समजावणारे माणूस सर्व घरांत सारखे नसते. पदवीधर आईच्या घरी गृहपाठाची उजळणी होते. दहा बाय दहाच्या खोलीत धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला त्यापायी दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागतात. मग शिकवणी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना खासगी शिकवण्यांची मनाई केली खरी. परंतु मागणी कायम असता पुरवठा दुसऱ्या दाराने येतोच!

तरीही स्वाध्याय टाकाऊ नव्हे. (उत्तरे दहादा उतरवून काढणे म्हणजे स्वाध्याय नव्हे, हे सांगावयास हवे काय?) उदाहरण स्वतः सोडविताना चुकणे आणि ती चूक स्वतःच हुडकणे, यास पर्याय नाही. गजबजलेल्या वर्गात फळ्यावरील उत्तर आयते मिळते, आणि ही धडपड तेथेच संपते.

एकाच सत्रात भरणाऱ्या शाळांच्या खोल्या सायंकाळी कुलूपबंद असतात. त्यांपैकी दोन अभ्यासिका म्हणून उघडाव्यात, तेथे एका शिक्षकास मानधनावर बसवावे. वीज व मानधन यांची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल. आज तो भार शिकवणीच्या शुल्करूपाने पालक सोसतच आहेत.