जुन्या गोव्याचे चर्च आणि आपली विहीर

आमच्या बचतगटाच्या बायका नुकत्याच जुन्या गोव्याला जाऊन आलो. पणजीहून बसने साधारण १० किलोमीटर. मोठे चर्च तिथे जवळजवळच आहेत, पायी फिरता येते. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसायचे, खांदे झाकलेले असावेत.

१६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत ठेवलेले आहेत. भिंती आपल्या ओळखीच्या जांभ्याच्या. त्यांवरचा गिलावा काढला, तेव्हापासून पाऊस दगडाला झिजवतो आहे. समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा दिसतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला.

आमच्यातल्या एकीने विचारले, "एवढे मोठे चर्च, मग माणसे कुठे गेली?" हे शहर एकेकाळी पोर्तुगीजांची राजधानी होते. पण सांडपाणी जमिनीत मुरून विहिरींत उतरे. हिवताप, कॉलरा यांच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. लोक निघून गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

गावी परतल्यावर आम्ही टेप घेऊन विहिरीभोवती फिरलो. दोन शोषखड्डे विहिरीला अगदी खेटून निघाले. निदान ५० फूट अंतर हवे. ते हलवण्याचा विषय आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. तुम्हीही आपली विहीर मोजून पाहा. पाणी बिघडले तर राजधानीसुद्धा ओस पडते, आपले तर लहानसे गाव!