दोऱ्याची दिशा

"काका, नायलॉन टाकायचे की रेडियल?"

आमच्या 1968च्या फियाटपुढे उभं राहून टायरवाल्या पोराने विचारलं. बाजारात क्रॉस-प्लाय टायरला आजही नायलॉनच म्हणतात. खरं तर दोरा कशाचा आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने गेलाय, यावर सगळा फरक ठरतो. जुन्या गाडीचा स्वभावही त्यावरच ठरतो, म्हणून हा प्रश्न रंगाच्या किंवा सीट-कव्हरच्या पंगतीत बसवता येत नाही.

टायर म्हणजे रबर, असं आपण धरून चालतो. पण गाडीचा भार पेलते हवा आणि त्या हवेला आवळून धरतो रबराच्या पोटातला दोरा. क्रॉस-प्लायमध्ये हे दोरे रिमच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तिरके जातात. त्यावरचा थर उलट्या तिरकेपणाने बसतो, बाजेच्या विणीसारखा. त्यामुळे टायरची कूस आणि जमिनीला टेकणारा भाग एकाच विणीत अडकलेले असतात. खड्ड्यात कूस दबली की खालचा भागही आकसतो, रस्त्यावर घासतो, तापतो. रेडियलमध्ये दोरे काठापासून काठापर्यंत सरळ जातात. बाजूने पाहिले तर बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखे दिसतील. आणि चाकावर लोखंडी धाव चढवावी तसा त्यांच्यावर पोलादी तारांचा पट्टा असतो. कूस हवी तशी लवते, पट्टा मात्र रस्त्यावर सपाट टेकून राहतो.

मिशलँ या फ्रेंच कंपनीने या रचनेचं पेटंट 4 जून 1946 रोजी नोंदवलं आणि 1949 साली 'मिशलँ एक्स' बाजारात आणला. शोध लावणारा मारियुस मिन्योल हा माणूस कंपनीत आला होता छापखान्यातल्या कामासाठी. टायर नेमका कुठे तापतो हे शोधण्यासाठी त्याने कुशीतलं रबर काढून तिथे विरळ तारा लावल्या. त्या प्रायोगिक टायरला कारखान्यातले लोक माश्यांचा पिंजरा म्हणू लागले. मला या सगळ्या इतिहासात तो पिंजराच सर्वांत आवडतो. सित्रोएन ही गाड्यांची कंपनी तेव्हा मिशलँच्याच ताब्यात होती, त्यामुळे 1955ची डीएस ही गाडी रेडियल गृहीत धरूनच आखली गेली. अमेरिकेत मात्र गाड्यांचं सस्पेन्शन मऊ क्रॉस-प्लायला जुळवलेलं होतं. तिथे 1970च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्रीबरोबर रेडियल कारखान्यातूनच येऊ लागले, तोवर वीस वर्षं निघून गेली होती.

आमची गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली फियाट 1100 डिलाइट, म्हणजे पुढे पद्मिनी झाली तीच. 1089 सीसीचं इंजिन, मागे पाटे, पुढे स्प्रिंग, आणि टायर 5.20-14 क्रॉस-प्लाय. हे टायर कसे चालतात ते आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पहिल्या दोन किलोमीटरमध्ये कळतं. नायलॉनचा दोरा उभ्या जागी चपटा बसलेला असतो. गरम होऊन गोल होईपर्यंत धप धप धप असा ठेका चालू राहतो. ट्रकांनी चर पाडलेल्या डांबरावर गाडी चराच्या मागे ओढली जाते आणि स्टिअरिंग सतत सावरत बसावं लागतं.

पण त्यांचा एक गुण मी विसरणार नाही. खंडाळ्याच्या घाटात वळणावर वेग जरा जास्त झाला की हे टायर आधी कुरकुरतात, मग हळूहळू घसरू लागतात. म्हणजे ते सांगून सोडतात. रेडियलची पकड कितीतरी जास्त, पण सुटते तेव्हा फारशी कल्पना न देता सुटते. त्या वाढलेल्या पकडीचा ताण जातो तो साठ वर्षांपूर्वीच्या रिमवर, बॉलजॉइंटवर आणि बुशांवर. म्हणून रेडियल टाकण्याआधी गाडीखाली शिरून हे सगळं बघणारा मेस्त्री हवा. पुढच्या चाकांचं आत वळलेलं असणं, म्हणजे टो-इनही, कमी करावं लागतं.

मापाचा घोळ वेगळाच. 5.20 म्हणजे रुंदी इंचांत, सुमारे 132 मिलिमीटर; उंचीचा आकडा त्यात नाहीच, कारण तेव्हा टायर जवळजवळ रुंदीइतकेच उंच असत. त्याचा पूर्ण व्यास भरतो साधारण 61 सेंटीमीटर. 145/80 आर 14 हा रेडियल घेतला तर व्यास 58.8, म्हणजे काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी खरी 58च्या आसपास. 155/80चा 60.4, जवळजवळ बरोबर. पण तो अधिक रुंद, त्यामुळे गाडी उभ्या जागी वळवताना स्टिअरिंग जड होणार. आम्ही रिमची रुंदी मोजली, चाक पूर्ण वळवून मडगार्डला घासत नाही हे पाहिलं आणि 155 ठरवला.

जुन्या रिमला ट्यूबलेसचा काठ धरून ठेवणारा उंचवटा नसतो, म्हणून ट्यूब हवीच, तीही रेडियलसाठीची. टायरवाल्याने हात आत घालून एक कागदी लेबल शोधलं आणि खरवडून काढलं. रेडियलची कूस इतकी लवते की तेवढं लेबलही ट्यूबला घासून भोक पाडू शकतं. त्याच्या बोटांना हे ठाऊक होतं, याचा मला फार आनंद झाला. हवा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन-चार पाउंड जास्त भरली, कारण तो आकडा क्रॉस-प्लायचा आहे. तरीही टायर खाली फुगलेला दिसतो. तसाच दिसायचा, हवा कमी नाही.

सगळ्याच जुन्या गाड्यांना मी हे सांगणार नाही. 1930च्या दशकातली, पुढे अखंड ॲक्सल आणि तारांची चाकं असलेली गाडी वळणावर थोडी घसरेल हे धरूनच बनवलेली आहे. तिला रेडियल लावणं म्हणजे त्या तारांवर न पेलणारं ओझं टाकणं. ती क्रॉस-प्लायवरच राहावी. इतर जुन्या गाड्यांत दिसण्याचाच प्रश्न असेल तर अमेरिकेतली कोकर टायर ही कंपनी जुन्या चेहऱ्याचे रेडियल बनवते. आपल्याकडे 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' क्रमांक देताना चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं असं म्हटलं आहे. त्यात टायरचं नाव नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय कधीही लावू नयेत. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात आणि ओल्या वळणावर गाडी गरकन फिरते.

पोराने टायरच्या कुशीवरचे चार अंक मला दाखवले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या गाडीचा टायर झिजून क्वचितच मरतो, तो वयाने मरतो. नक्षी कोरी असते आणि रबर दगड झालेलं असतं. आमच्या डिकीतल्या स्टेपनीवर तीनच अंक होते, म्हणजे ती 2000 सालाआधीची. तो म्हणाला, "काका, ही राहू दे ना, अजून नवी दिसते."

मी पाचवा रेडियल काढायला सांगितला.