डोळे नाहीत, तरी वाट सापडते

‘स्ट्राँगायलॉइडीस स्टरकोरॅलिस’ या परजीवी कृमीची अळी ओल्या मातीत माणसाच्या पायाची वाट पाहत असते. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, डोळे-कान काहीच नाही. तिची भिस्त डोक्यावरच्या ‘अँफिड’ या जोडअवयवावर. तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक सूक्ष्म छिद्र, आत छोटी नळी आणि तिच्यात सुमारे डझनभर चेतापेशींची टोकं. बाहेरची रसायनं छिद्रातून थेट या टोकांपर्यंत पोचतात. माणसाच्या त्वचेतलं, विशेषतः तळपायातलं, युरोकॅनिक आम्ल तिला ओढून घेतं.

अँफिडमधल्या या चेतापेशींपैकी एक तर थक्क करणारी आहे. तिचं टोक पुस्तकाच्या पानांसारखं, एकावर एक पातळ पडद्यांचं असतं. संशोधकांनी ही पेशी लेसरनं जाळली, तेव्हा अळ्यांचं उबेच्या दिशेनं जाणंच बिघडलं. म्हणजे हाच तिचा तापमापक. अंकुशकृमी या दुसऱ्या परजीवीच्या अळीतही अँफिड असतातच. तीही त्वचेतून शरीरात शिरते. दोन्ही अळ्यांच्या शेपटीकडे अशाच अवयवांची ‘फॅस्मिड’ नावाची आणखी एक, लहान जोडी असते.

अनवाणी शेतात राबणाऱ्यांना अशा कृमींचा धोका मोठा. पायात चप्पल-बूट आणि उघड्यावर शौच बंद, हे दोन उपाय फार मोलाचे.