नारायणगावची फेसाळ वाईन

‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाईन पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची. शाम चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीच्या तांत्रिक मदतीने ती काढली आणि परदेशी धाडली.

फेस येतो तो वाईन दुसऱ्यांदा आंबल्याने. इटलीची प्रोसेक्को दुसऱ्यांदा आंबते ती सहसा मोठ्या बंद टाकीत. नारायणगावी पद्धत शॅम्पेनची: बाटलीतच वाईन, थोडी साखर आणि यीस्ट. आतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट चढतो, म्हणून काच जाड.

मग बाटली रोज थोडी फिरवत, कलती करत गाळ मानेशी आणतात. मान गोठवून झाकण काढले की गाळाचा बर्फाळ खडा टणकन बाहेर उडतो. खरी कारागिरी इथेच.

पुढे चौगुले कुटुंबाने पसारा फार वाढवला आणि त्यांची कंपनी कर्जात बुडाली.