प्रायमाक्विन आणि जिवाणूत घडवलेलं मानवी विकर

बीड असो वा गडचिरोली, व्हायवॅक्स मलेरियाच्या रुग्णाला राष्ट्रीय धोरणानुसार प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस देतात. बहुतेकांना त्या मानवतात. पण ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-6-पीडी हे विकर कमकुवत असतं, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात, लघवी काळपट होते. मग या विकराचा अभ्यास थेट रुग्णाच्या रक्तावरच का करू नये? कारण रक्तात नव्या-जुन्या पेशींची सरमिसळ असते. जुन्या फुटून गेल्या की उरलेल्या ताज्या पेशी तपासणीला चकवतात. म्हणून मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून शुद्ध विकर मिळवतात. ‘केरळ-कल्याण’ या आपल्याकडच्या प्रकारात 515 अमिनो आम्लांपैकी 317व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं; तेवढ्या एका बदलाचा परिणाम असा स्वच्छ मोजता येतो.

परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यात ती नवं विकर घडवू शकत नाही, असलेल्यावरच भागवते. त्यामुळे सदोष विकर किती टिकतं, हे नळीतलं मोजमाप पेशीलाही बरंचसं लागू पडतं. औषधाचा निर्णय मात्र रुग्णाच्या रक्तावरूनच व्हावा, आणि ती तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी तालुक्याच्या गावी मिळायला हवी.