नीलमुद्रणाद्वारे वनस्पतींच्या नोंदी : कागद, कापड आणि पाणी

प्रस्तावना :

इ. स. १८४२ मध्ये सर जॉन हर्शेल यांनी लोहक्षारांच्या प्रकाशसंवेदनशीलतेवर आधारलेली सायनोटाइप ही मुद्रणपद्धती शोधून काढली. विल्यम हार्वे यांच्या शैवालविषयक ग्रंथात (१८४१) चित्रांची उणीव होती. ती भरून काढण्यासाठी ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ ते १८५३ या काळात ब्रिटिश शैवालांचे निळे ठसे भागाभागाने प्रसिद्ध केले. छायाचित्रांचा समावेश असलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो. त्यासाठी कॅमेरा मात्र कोठेही वापरलेला नाही. पुढे अभियंत्यांनी नकाशांच्या प्रतींसाठी हीच पद्धत स्वीकारली व ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द रूढ झाला. आज तो भाषणांतूनच अधिक ऐकू येतो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेली खरी प्रत पाहिलेले थोडेच.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथून व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ १९९८ मध्ये प्रकाशित झाला. अशा अभ्यासपरंपरेच्या शहरात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पानाचा आकार मूळ मापात नोंदविण्याचे हे स्वस्त साधन उपयोगी पडू शकते. ते वनस्पतिसंग्रहातील नमुन्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ठशात बाह्यरेषा उतरते. लव, रंग वा पुंकेसरांची रचना उतरत नाही.

प्रक्रिया :

फेरिक अमोनियम सायट्रेटचे २५ टक्के व पोटॅशियम फेरिसायनाइडचे १० टक्के द्रावण स्वतंत्रपणे तयार करून मंद प्रकाशात समप्रमाणात मिसळावे व कागदावर किंवा कापडावर लावून अंधारात वाळवावे. त्यावर दाबून सुकविलेला नमुना ठेवून वरून काच दाबावी. ओले पान घेतल्यास काचेखाली ओलावा साचून डाग पडतात. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे क्षपण होऊन फेरस लोह तयार होते व फेरिसायनाइडशी संयोग होऊन प्रशियन निळा रंग निर्माण होतो. कडक उन्हात १० ते २० मिनिटे पुरतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने जाड काटक्यांच्याही कडा रेखीव येतात. डिसेंबरच्या तिरप्या उन्हात त्या पसरतात. हंसराज नेचा किंवा शेवग्याची पर्णिका यांचे ठसे उत्तम येतात. पळसाच्या जाड पानाची मात्र केवळ पांढरी आकृती उरते.

कापड सुती किंवा रेशमी असावे; पॉलिएस्टरवर द्रावण टिकत नाही. नव्या मांजरपाटाची खळ आधी पूर्णपणे धुऊन काढणे आवश्यक असते.

पाण्याचा प्रश्न :

ठसा बिघडण्याचे मुख्य कारण बहुधा धुण्यात असते. प्रशियन निळा आम्लात स्थिर राहतो, पण आम्लारिधर्मी द्रवात त्याचे विघटन होऊन पिवळसर लोह हायड्रॉक्साइड उरते. दख्खनच्या बेसॉल्टमधील भूजल सामान्यतः दुष्फेन व किंचित आम्लारिधर्मी असते. त्यामुळे कूपनलिकेच्या पाण्यात दीर्घकाळ धुतलेला ठसा फिका पडतो आणि दोष उगाचच रसायनांना दिला जातो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घालणे हा सोपा उपाय आहे. तीव्र आम्ल मात्र फेरिसायनाइडजवळ आणू नये; विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निर्माण होण्याचा धोका असतो. पिवळा रंग पूर्ण निघेपर्यंत धुवावे. निळा रंग पुढील २४ तासांत गडद होतो.

तोच नियम साबणाला लागू पडतो. नीलमुद्रित कापड धुण्याच्या सोड्यात घालू नये. कागदाबाबत एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे : ग्रंथपाल जतनासाठी जो कॅल्शियम कार्बोनेटयुक्त कागद उत्तम मानतात, तोच या ठशाला घातक ठरतो. उन्हाने फिकी झालेली प्रत काही दिवस अंधारात ठेवल्यास निळा रंग बव्हंशी परत येतो. सोड्याने पिवळ्या पडलेल्या कापडाच्या बाबतीत तसे घडत नाही.